दर तीन तासांचा नेम

मणक्याच्या ऑपरेशननंतर माझ्या मूत्राशयाने मेंदूशी बोलणंच टाकलं. डॉक्टर म्हणाले, "निरोप पोचवणाऱ्या नसा दुखावल्यात. भरल्याचं कळणार नाही, एकदम सुटेल. दर तीन तासांनी घड्याळ लावून जायचं." तीस वर्षं पोरांना "मधल्या सुट्टीत जा" म्हणून वर्गात बसवून ठेवणारा मास्तर आता स्वतःच घंटेवर आला.

साधा गजर वाजला तर लोक कारण विचारणार, म्हणून मी मोबाइलवर गणपतीची आरती लावली. कोणी विचारलंच तर सांगायचं, "नेम आहे माझा." महिन्याभरात वारज्याच्या आमच्या सोसायटीत मी मोठा भक्त ठरलो. बायको म्हणायची, "अहो, खरं सांगितलं तर काय बिघडतंय?" मला लाज वाटायची, दुसरं काय.

मग लेकीने स्वतःच जमवलेल्या लग्नाची बोलणी करायला आम्ही विश्रांतवाडीला मुलाच्या घरी गेलो. रस्त्यातच दोन तास गेले. तिथे चहा हातात येतोय तोच खिशात आरती सुरू झाली. मुलाच्या आत्यांनी विचारलं, "हे काय हो?" सवयीने तोंडून गेलं, "नेम आहे."

"किती छान! मग आपण सगळेच म्हणू या."

सगळे उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. भर आरतीतून भक्त कुठे जाणार? मीही घाम पुसत टाळ्या वाजवल्या. गणपतीची संपली, तर आत्यांनी लगेच देवीची उचलली. लेक माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्या सासरच्या गालिच्यावरच माझी फजिती व्हायची वेळ आली होती.

"थांबा," मी ओरडलो. "नेमबिम काही नाही. मला लघवीला जायचंय. नसा गेल्यात, वेळेवर गेलो नाही तर इथेच होईल."

टाळ्या थांबल्या. मुलाचे वडील खाकरले.

"माझ्या नसा साखरेने गेल्या," ते म्हणाले. "मी दर दोन तासांनी झाडांना पाणी घालायला म्हणून उठतो."

"तरीच!" त्यांची बायको म्हणाली. "तरीच माझी सगळी झाडं कुजली!"

त्यांनी तिकडे लक्ष न देता मला बोटाने दाखवलं. "डावीकडचं दार. आणि जरा लवकर आवरा, माझीही वेळ झालीय."