चुंबकाला लागलेलं

सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या आठवड्यात एक उसनं यंत्र आलं होतं. ते मायक्रोवेव्ह लहरी सोडायचं आणि पलीकडे किती पोचल्या ते मोजायचं. शनिवारी सकाळी ते माघारी जाणार होतं. तोवर माझं मोजमाप झालं तर प्रबंध पुरा, नाहीतर आणखी एक वर्ष, असा सरळ मामला. मला खरं तर दोन्हीचं सारखंच वाटत होतं. मिरजेच्या दवाखान्यात आई वारली त्याला दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालं होतं. जेवत होते, वर्गावर जात होते, कुणी विनोद केला तर वेळेवर हसतही होते.

प्रयोग सांगायला सोपा आहे. तांब्याची काडेपेटीएवढी पोकळ डबी. तिच्यात मायक्रोवेव्ह एका ठरावीक सुरात घुमतात आणि यंत्राच्या पडद्यावर एक शिखर दिसतं. डबीत ठेवायचा गार्नेट नावाच्या लोहयुक्त स्फटिकाचा एक काळा मणी, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. बाहेरून मोठा चुंबक लावला की मण्याच्या अणूंमधले सूक्ष्म चुंबक सगळे मिळून डोलू लागतात. त्या डोलण्याच्या लहरीला मॅग्नॉन म्हणतात. हे डोलणं डबीच्या सुराशी जुळवलं की ऊर्जा कधी मायक्रोवेव्हकडे, कधी मण्याकडे, अशी ये-जा सुरू होते. मग एका शिखराची दोन होतात आणि मधे दरी पडते. त्यातलं कुठलं शिखर कुणाचं ते सांगता येत नाही, दोन्ही दोघांची असतात. याला स्ट्राँग कपलिंग म्हणतात. अट एकच: आपापली ऊर्जा वाया जाण्याआधी ती एकमेकांना पोचली पाहिजे. माझी डबी माधवनगरच्या एका लेथवाल्यानं केलेली, आतून खरबरीत. सगळी ऊर्जा तांब्यातच जिरायची आणि दरी काही पडायची नाही.

डबी आबांनी सुधारली. आबा म्हणजे माझे वडील, विट्याचे गलाईवाले. उभा जन्म केरळात सोनं गाळण्यात गेला. आई गेली तेव्हा ते केरळातून येणाऱ्या गाडीत होते, आणि मिरजेला उतरले तोवर सगळं उरकलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो. बोलायचो ते भाजी कुठली आणायची याबद्दल. घरात एकट्यानं बसवेना म्हणून ते माझ्याबरोबर प्रयोगशाळेत यायचे. दोन दिवस बसून त्यांनी डबी आतून घासून इतकी गुळगुळीत केली, की पडद्यावरचं शिखर सुईसारखं बारीक झालं. का झालं ते त्यांनी विचारलं नाही, पण त्या दिवशी चहा पिताना खुशीत दिसले.

शुक्रवारी दुपारी डबीत ठेवताना मणी चिमट्यातून निसटला. एकच होता. बराच वेळ फरशीवर रांगले, मग घंटा झाली तशी शिकवायला निघून गेले. घाबरायला हवं होतं, तेही जमलं नाही. जाताना आबांना एवढंच सांगितलं, की काळा मणी पडलाय, पाय जपून टाका.

परत आले तर खोली लख्ख. गलाईच्या दुकानात जमिनीवरची धूळही फेकत नाहीत. झाडून, चाळून तिच्यातलं सोनं काढतात. आबांनी अख्खी फरशी तशीच झाडली होती, कपाटाखालचीसुद्धा, आणि धुळीची नीट पुडी बांधून हातात धरली होती. दुसऱ्या हातात माझ्या टेबलावरचा लहान चुंबक होता, पुसून स्वच्छ केलेला. तो बघितला आणि काय झालं ते मला कळलं.

"ह्यात आसंल बघ तुझा मणी," ते म्हणाले. "शेजारच्या वर्कशॉपातनं पायानं आल्याला लोखंडाचा कीस लय व्हता. समदा चुंबकानं काढून टाकला."

कुठं टाकला विचारलं, तर खिडकीमागच्या गटारात. चुंबकाला लागतं ते सोनं नसतं, ते आधी काढून फेकायचं. त्यांचा हात जन्मभर तसाच चाललेला. माझा मणी चुंबकाला लागणारा होता. म्हणून तर तो डबीत ठेवायचा.

हे मी त्यांना अगदी शांतपणे सांगितलं. आवाज चढवला नाही, आणि हा दुष्टपणा आहे हे बोलतानाच कळत होतं. त्यांना दुखावं असं मला वाटत होतं. दोन महिन्यांत मला काही वाटलं ते एवढंच.

आबा चुंबक घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं, तर ते गटाराच्या काठाला गुडघ्यांवर बसून चिखलात चुंबक फिरवत होते. दर खेपेला काळा केसाळ कीस वर यायचा. वर्कशॉपचा कित्येक वर्षांचा कचरा होता तो. तळहातावर घेऊन ते बोटानं एकेक कण बाजूला सारायचे. खाली गटाराचं पाणी वाहत होतं.

मी गेले आणि उठा म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुझी आय गेली तवा मी हितं न्हवतो, पोरी. आता हाय, तर ह्यो घोळ केला."

असू दे, असं म्हणायची वेळ होती. मला म्हणवलं नाही. मी त्यांच्याशेजारी ओल्या मातीत बसले.

"तुमी लौकर याया पायजे व्हतं, आबा," मी म्हणाले. "ती सारकी तुमचंच इचारत व्हती."

"काय इचारत व्हती?"

"गाडीत काय खाल्लं आसंल का म्हणून."

आबांनी चुंबक खाली ठेवला.