निवांतपूरचा लेखक

हे घरात कुणाला माहीत नाही. कारखान्यात नाही. आणि दर दोन-तीन महिन्यांनी ज्या कॉलेजच्या पोरांपुढं मी माइक धरून उभा राहतो, त्यांना तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका — मलाच धड सांगता यायचं नाही.

मी कुपवाडला एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे. तयार झालेला माल तपासायचा, भेग कुठं आहे, पोकळी कुठं आहे ते शोधायचं, आणि खोटा माल बाजूला काढायचा. वीस वर्षं हेच. उरलेल्या वेळात गोष्टी लिहितो. आणि मला पहिल्यापासून वेड त्या भविष्यातल्या जगाच्या सिनेमांचं — एकसारखे कपडे घातलेली माणसं, हसायलासुद्धा परवानगी लागते, सगळं चकचकीत आणि सगळे मेलेले. ते बघताना एकच वाटायचं, च्यायला, हे कायम परदेशातच का घडतं? आपल्याकडे माणूस चिरडायला यंत्रं कशाला पाहिजेत? गल्लीनं बोलणं टाकलं तरी पुरे होतं की!

त्यातून निवांतपूर सुचलं. दुष्काळी भागातलं एक गाव, पण तंटा नाही, टँकरवर झोंबाझोंबी नाही. घरटी चार हंडे. पाचवा भरला की संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून नाव पुकारायचं, आणि आठ दिवस त्या घराशी अख्ख्या गावानं अबोला धरायचा. जो बोलेल त्यालाही आठ दिवस. बस्स. शेवटी गावात एवढी शांतता होते, की एक माणूस सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलून ती मोडतो आणि गाव त्याला हाकलून देतं. मी ती भीती म्हणून लिहिली होती हो. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

आमच्या कारखान्यातल्या एका मित्रानं तिच्यावर वीस मिनिटांची फिल्म केली. ती मोबाईलवरून फिरली, आणि एक दिवस जत तालुक्यातल्या एका सरपंचाचा फोन आला. तात्या म्हणतात त्यांना. आवाज एकदम मोकळा, प्रेमळ.

"सर, शेवट जरा रडका केलासा, पर मदलं गाव लय भारी दावलंय. आमी तसंच चालू केलंय. भांडान म्हणून न्हाई बगा आता. या की एकदा, सत्कार करायचाय तुमचा."

आता सांगा, तुम्ही काय म्हणाला असता? "अहो तात्या, ती गोष्ट तसं करू नका म्हणून लिहिलीय" — हे एक वाक्य. मला येत नव्हतं का ते? जिभेवर होतं. पण सत्कार म्हणाले ना! तोवर कुणी नारळसुद्धा दिला नव्हता मला. मी म्हणालो, "येतो."

लांबण लावतोय, कळतंय मला. थोडं थांबा.

उन्हाळा होता. दुपारी चारला पोचलो. माझी जुनी गाडी देवळापुढं लावली. मांडव, खुर्च्या, फेटा, शाल — सगळं. टँकर आला तेव्हा बायका ओळीनं उभ्या राहिल्या, चार हंडे भरले आणि गेल्या. एक शब्द नाही. तात्या कौतुकानं माझ्याकडे बघत होते. मला आत कुठंतरी कसंतरी झालं, नाही असं नाही. पण डोक्यावर फेटा होता, आणि तो घट्ट बांधला होता. मी भाषणात म्हणालो, "लेखक कागदावर गाव वसवतो, तुम्ही ते मातीत वसवलंत." टाळ्या पडल्या. खोटं बोललो हे तेव्हाच कळलं होतं, पण माझा गुन्हा तो नाही. तेवढाच असता तर मी एवढी वर्षं गप्प बसलो नसतो.

कार्यक्रम संपला, फोटो चालू झाले, आणि मांडवाच्या कडेनं एक बाई आली. पस्तिशीची असेल. लोक बाजूला सरकले — वाट दिल्यासारखे नाही, अंग चोरल्यासारखे. तात्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "लक्कव्वा. अबोल्याचा चौथा दिवस हाय तिचा." सहा हंडे भरले होते तिनं. सासूला जुलाब लागले होते, अंथरूण धुवायला पाणी लागलं होतं. नवरा मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरलेला, आणि मोबाईलही त्याच्याकडेच.

ती सरळ माझ्यापुढं आली. हात जोडले.

"आवं सर, गाडी हाय न्हवं तुमची? म्हातारी सकाळधरनं डोळं उगडंना. जतच्या दवाखान्यात तेवढी सोडा. ह्यास्नी कुनाला बोलायची बंदी हाय. पर तुमी काय गावातलं न्हवं."

मी फेट्याचा शेमला सारखा केला.

"तुमीच लिवलंय म्हनत्यात हे सगळं. मग तुमी बोललासा तर काय हुतंय?"

काय होणार होतं? काहीच नाही! मी सांगलीचा माणूस. माझ्यावर आठ दिवस अबोला धरला तर मला कळलंसुद्धा नसतं. पोलीस नव्हते, काठ्या नव्हत्या, कुणी दमदाटी केली नव्हती. शंभरएक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढंच. आणि मला वाटलं, आत्ता बोललो तर मगाचचं भाषण फुकट जाईल. फेट्यात मी येडा दिसेन. बस, एवढंच वाटलं. दुसरं काही नाही.

मी मान वर केली आणि मांडवाच्या कापडाकडे बघत उभा राहिलो. माझ्याच कथेतला नियम मी पाळला.

ती थोडा वेळ थांबली. पुन्हा एकदा "सर" म्हणाली. मग गेली.

आणि मला आज पक्कं ठाऊक आहे, की ती माणसं मला अडवणार नव्हती. ती वाट बघत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर चप्पल पायात सरकवली होती, उठायच्या बेतात होती. तात्यांच्या हातात त्यांच्या जीपची किल्ली होती आणि ते ती नुसती फिरवत होते. मी एक शब्द काढला असता — "चला" एवढा जरी — तर सगळा मांडव बोलला असता. मी काढला नाही, म्हणून त्यांनीही काढला नाही. पुढच्या रांगेतली ती बाई चप्पल काढून परत टेकून बसली.

मी चहा घेतला. दोघांना माझ्या पाया पडू दिलं. मग गाडीत बसलो आणि मिरजेच्या रस्त्याला लागलो. मागची सीट रिकामी होती, तिच्यावर नारळ आणि शाल.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. म्हातारी गेली होती. त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. म्हणाले, "मातीला समदं गाव आलं सर. बोलली बी समदी लक्कव्वासंगं. तीच कुनाशी बोलंना." फोन त्यांनी ठेवला नाही. त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं, शिवी का असेना. मी "वाईट झालं" म्हणालो. आणि त्याच दमात विचारलं, "कार्यक्रमाचे फोटो पाठवताय ना?"

त्यांनी पाठवले. पुढं निवांतपूरचं पुस्तक निघालं, बरं चाललं. कॉलेजात पोरं विचारतात, "सर, असं खरंच घडेल का हो?" मी सांगतो, "छे, आपल्या माणसांत माया आहे अजून." त्या पुस्तकाच्या मागं माझा फेट्यातला फोटो आहे, वर बघताना. लोक म्हणतात, काय विचारात बुडालेला चेहरा आहे. त्या फोटोत डाव्या बाजूला हात जोडलेली लक्कव्वा होती. ती मी कापली.