तिसरी सकाळ

स्टाइनवोग गावाला थंडीही मोजून-मापून लागते. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला असलं, तरी समुद्राच्या कृपेने तिथला हिवाळा शून्याच्या अल्याड-पल्याडच रेंगाळतो, आणि जुलैत बारा अंश झाले की लोक बाह्या सरसावून अंगणात बसतात, त्यालाच उन्हाळा म्हणतात. गावाचं पोट या पाऱ्यावर. फेब्रुवारीअखेर कॉड मासा साफ करून, शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीने काठ्यांच्या उंच मांडवावर टांगायचा आणि जूनमध्ये वाळलेला उतरवायचा. ऊब वाढली तर त्यावर माशा बसतात. गारठा वाढला तर ओला मासा आतून गोठतो आणि वाळल्यावर भुसभुशीत होतो.

म्हणून नियम असा, की उत्तरेच्या भिंतीवरचा तापमापक लागोपाठ तीन सकाळी वाचायचा. तिन्ही वेळा पारा उणे दोनच्या खाली गेला नाही, तरच पहिली जोडी वर चढवायची. ही भिंत गुन्वोरच्या घराची, आणि पारा वाचायचं कामही तिचंच. आधी तिचे वडील वाचत, ते गेल्यापासून एकतीस वर्षं ती. तिच्या मांडवावर पहिली जोडी चढल्याशिवाय गावात कुणी मासा टांगत नाही. तापमापक काय, घरोघरी आहेत. पण निर्णय घ्यायला दुसरं कुणी असलं की माणसाला झोप छान लागते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला एक गुन्वोर प्रत्येक गावाला सापडतेच.

यंदा ती थकली होती. त्रेसष्ट वर्षांची बाई, उजवा खांदा कामातून गेलेला, नवरा ओत्तार दोन वर्षांपूर्वी वारला तेव्हापासून घरात बोलायला माणूस नाही. पहिल्या सकाळी तिने पारा वाचला, उणे एक. दुसऱ्या सकाळीही उणे एक. तिसऱ्या सकाळी जाग आली, पण उठवेना. कालच्यासारखाच असेल, म्हणत तिने पांघरूण ओढून घेतलं. मग उशिरा, भिंतीकडे न बघताच, तिने पहिली जोडी वर चढवली. दुपारपर्यंत सगळ्या गावाचा मासा वर होता.

त्याच संध्याकाळी पूर्वेचा वारा सुटला. पुढचे अकरा दिवस पारा उणे बारावर बसून होता.

तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. दुकानात सगळे म्हणायचे, "हवेचं काय खरं, गुन्वोर! कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली." ती मान हलवायची आणि पाव घेऊन घरी यायची. चार महिने तिला घास गोड लागला नाही. कुणीतरी चार शिव्या घालाव्यात आणि हे काम आपल्याकडून काढून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. मासा उतरवायला लागलो की सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

जूनमध्ये पारख करणारा हेनिंग आला. त्याने एकेक मासा हातात तोलला, बोटाने दाबला, वास घेतला. दहातले सात मासे हलक्या प्रतीच्या ढिगात गेले.

शेजारचा एडविन, तिचा शाळासोबती, शिडीखाली उभा राहून माशांच्या जोड्या झेलत होता. गुन्वोर शिडीवर तशीच थांबली.

"एडविन, चूक हवेची नाही, माझी आहे. तिसऱ्या सकाळी मी पारा बघितलाच नव्हता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, माझ्या खिडकीतून तुझी भिंत दिसते. तिथल्या ताज्या बर्फात तुझं एक पाऊल नव्हतं त्या दिवशी."

"आणि तरी तू मासा टांगलास?"

एडविनने हातातली जोडी ढिगावर टाकली. "माझ्याही भिंतीवर तापमापक आहे. उणे सहा होता. चांगला डोळे फाडून बघितला मी. पण पाच दिवस मासा पेट्यांत पडून होता, कंबर मोडून गेली होती. तू जोडी चढवलीस आणि म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. बाकीच्यांनी काय डोळे मिटून घेतले होते? सगळेच कंटाळले होते, बाई."

गुन्वोरच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. चार महिने ती एकटी जळत होती आणि हे सगळे जाणून होते!

"मग बोलला का नाहीस मेल्या? दुकानात सगळ्यांसमोर का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, पुढच्या वर्षापासून तूच बघ." तो नजर चुकवत म्हणाला, "हे घोंगडं गळ्यात घ्यायची कुणाची तयारी आहे? माझी नाही."

तिला खूप काही बोलायचं होतं. पण वरच्या काठीवर अजून तीस-चाळीस जोड्या होत्या आणि एडविनने खालून हात पुढे केले होते. दुखऱ्या खांद्याला सांभाळत तिने पुढची जोडी सोडवली आणि त्याच्या हातात दिली.