तळ्याकाठी भरलेली ओटी

देवावर माझा राग होता हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार भाविक बाई आहे असं कुणाला वाटायला नको. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमची सई वेल्समधल्या एका तळ्यात बुडून गेली. इंग्लंडला शिकायला होती, एकुलती एक. मैत्रिणींबरोबर सुट्टीला गेली, मैत्रिणी मुक्कामावर असताना एकटीच छोटी होडी घेऊन पाण्यात उतरली, वारा सुटला आणि होडी उलटली. इकडे कतारला, दोह्यातल्या अल सद्द भागात आमच्या फ्लॅटमध्ये मी भेंडी चिरत होते तेव्हा यांचा फोन वाजला. तिला आणायला हे एकटेच गेले, मला उभंही राहवत नव्हतं. नाशिकला सगळं उरकलं आणि आम्ही परत आलो.

उरकलं, ते लोकांच्या लेखी. दोह्यातल्याच ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या मराठी मैत्रिणी कितीतरी दिवस आळीपाळीने डबा घेऊन यायच्या. त्यातली एक म्हणाली, देवाची इच्छा. मी तिला म्हटलं, मग हा डबा त्या देवालाच नेऊन दे. बिचारी रडत घरी गेली. त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. दिवाबत्ती हे करायचे, मी पाठ फिरवून चहा टाकायचे. पण आतून मला खात होता तो एकच प्रश्न. शेवटच्या घटकेला सई एकटी होती का? गावकऱ्यांनी पाण्यातून काढलं, अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं, एवढंच यांना तिथे कळलं होतं. माझी पोर थंड दगडांवर एकटी पडली होती, की जवळ कुणी माणूस होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मराठीला कायम इंग्रजीत उत्तर देणारी ती, पण जरा कणकण आली की मला जागची हलू द्यायची नाही. मी तिथे नव्हते, हे मला सहन होत नव्हतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं सासूबाईंनी नाशिकहून फोनवर धोशा लावला, ज्या पाण्यात पोर गेली त्या पाण्याची ओटी भरून ये. आमच्याकडे गंगेची ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मी उसळलेच. म्हटलं, माझी लेक गिळली त्या पाण्याने आणि वर त्यालाच खणनारळ? सासूबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाण्यासाठी नको भरूस. तुझ्या हातून काहीतरी सुटू दे."

मी जायला निघाले ती ओटीसाठी नाही, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायला. सासूबाईंचा शब्द म्हणून सामान तेवढं बॅगेत टाकलं. आणि निघायच्या घटकेला घोटाळा झाला. टॅक्सी खाली थांबलेली, ड्रायव्हर फोनवर यल्ला यल्ला, चला चला, करतोय, आणि यांनी सवयीने ओट्यावरचा नारळ उचलून दारात फोडला. प्रवासाला निघताना नारळ फोडायचा हे त्यांच्या घरचं वळण. मी ओटीसाठी पुसून ठेवलेला तोच. फोडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोन हातांत दोन भकलं घेऊन माणूस नुसता उभा राहिला. मनात म्हटलं, चला, देवालाच नको आहे ही ओटी, बरंच झालं.

आम्ही दोघं वेल्समधल्या त्या गावात पोचलो. गाव सुंदर होतं, आणि त्याचाच मला संताप आला. चारी बाजूंनी हिरवे डोंगर, डोंगरांवर मेंढ्या, एक मोठा रस्ता आणि रस्त्याच्या टोकाशी ते तळं. बाजाराचा दिवस होता. चीज, लोकर, रोपं, पावसात भिजत मांडलेली दुकानं. पाट्या दोन भाषांत, आणि माणसं आपापसांत इंग्रजी बोलतच नव्हती, त्यांचं वेगळंच काहीतरी चाललेलं, आम्ही दोह्यात घरात शिरलो की मराठीवर येतो तसं. तळं समोर दिसायला लागलं तशी मी बाजाराकडे वळले. मी यांना म्हटलं, आधी नारळ बघू. जी ओटी मला नकोच होती, तिचंच निमित्त करून मी पाण्यापासून लांब राहत होते. दुकानांत डब्यातलं नारळाचं दूध मिळालं, खोबऱ्याचा कीस मिळाला, नारळ कुठेच नाही.

बाजाराच्या कडेला प्रार्थनाघराच्या मदतीसाठी एक खेळ मांडला होता. खांबांवर चांगले शेंडीचे नारळ ठेवलेले, लांबून लाकडी चेंडू मारायचा, पाडला तर नारळ तुमचा. एप्रन बांधलेली एक म्हातारी बाई तो खेळ सांभाळत होती. मी चेंडू घेतले आणि मारत सुटले. एक लागेल तर शपथ. पुन्हा घेतले, पुन्हा मारले. हे दंडाला धरून पुरे म्हणाले, मी हात झटकला. मी नारळावर मारत नव्हते, कुणावर मारत होते ते मला चांगलं ठाऊक होतं.

ती म्हातारी पुढे गेली, तिने खांबावरचा एक नारळ काढला, एप्रनला पुसला आणि माझ्या हातात दिला. तुला तो फारच हवासा दिसतोय, म्हणाली. मी तिला सांगितलं, माझी मुलगी गेल्या उन्हाळ्यात तुमच्या या तळ्यात गेली, तिच्यासाठी पाण्याला द्यायचाय.

ती मागच्या बाकावर बसली. होडीतली, लांब केसांची, तिने विचारलं. यांनी मान हलवली. तिने मला हाताने जवळ बसवलं आणि हळूहळू सांगितलं. तिचं घर काठावरच आहे. ओरडा ऐकून ती धावली, तोवर लोकांनी सईला बाहेर आणलं होतं. श्वास होता, अगदी बारीक. अँब्युलन्स लांबून यायची होती.

"ती एकटी नव्हती," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर होती. माझा कोट घातला तिच्या अंगावर. मला इंग्रजी सुचेना, मी आमच्याच भाषेत बोलत राहिले, माझ्या मुलांशी बोलायचे तसं. माझं बोट तिने धरलं होतं. ते सुटलं तेव्हा मला कळलं."

त्या बाकावर, भर बाजारात, मी वर्षभराचं रडले. हेही रडले, त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, तुमचा पत्ता मला ठाऊक नव्हता, म्हणून त्या मुलीच्या आईसाठी मी रोज प्रार्थना करते. ज्या वर्षात मी देवाशी एक शब्द बोलले नाही, त्या वर्षात माझ्या वतीने कुणीतरी रोज बोलत होतं.

शेजारणीवर खेळ सोपवून ती आम्हाला काठावर घेऊन गेली. हीच जागा, म्हणाली. मी खण काढला, तांदूळ काढले, पाण्याकडे दोन पावलं गेले आणि थांबले. मग वळले आणि तिलाच म्हटलं, एप्रन पसरा. तिचा नवरा कधीच वारला होता, वाटेत तिनेच सांगितलं होतं; अशा बाईची ओटी आमच्याकडे भरत नाहीत. मी भरली. कपाळाला हळदकुंकू लावलं, ज्या मांडीवर माझी लेक शेवटी निजली होती तिथे तांदूळ, खण आणि नारळ घातला, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

तो नारळ फुटला नसता तर, असं हे अधूनमधून म्हणतात. मी त्यात शिरत नाही. माझी लेक मला परत मिळाली नाही, आणि देवाचं हे करणं मला अजून पटलेलं नाही, तसं मी त्याला तोंडावर सांगते. पण माझे हात पोचत नव्हते तिथे त्याने दुसरे हात पाठवले होते, एवढं मी बघून आले आहे. तिला त्या हातांत ठेवून मी रोज थोडी थोडी मोकळी होते. भांडण आहे अजून, अबोला तेवढा सोडला.