साहेबाच्या सहली

मोटार सुरू झाली तेव्हा आबा रस्त्याच्या पलीकडे, धरणाच्या खडीच्या ढिगाशी उभे होते. मी मागच्या बाजूला बसलेली. मांडीवर मडमेची पोर, पायाशी गाठोडं. वाटलं, आबा जवळ येतील. ते आले नाहीत. शेवटी मीच पोर कडेवर घेऊन खाली उतरले आणि त्यांच्या पाया पडले.

"जा," ते म्हणाले. "हितं ऱ्हाऊन तरी काय बघशील? पन ध्येनात ठेव ठकू, त्यांचं खायाचं तर खा, त्यांच्यावानी होऊ नको."

मग ते बाजूला वळून पचकन थुंकले. माझ्यावर की मोटारीवर, ते मला तेव्हा कळलं नाही. साहेबाने भोंगा वाजवला आणि मी परत गाडीत बसले. मुळशीच्या खोऱ्यातून मी निघाले ती अशी.

खोऱ्यातून उठून गेलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही कुणी पुण्याला गेलात, कुणी घाटाखाली, कुणी कुठे गेलात ते मलाही ठाऊक नाही. आमची ठकी परमुलखात साहेबाबरोबर चैन करून आली, असं तुमच्यातले काहीजण अजून म्हणतात. म्हणून हे लिहिते आहे. तिकडे चैन होती हे खरं. ती मी जवळून पाहिली आणि तिची मला शिसारी आली, एवढंच सांगायचं आहे.

मी साहेबाच्या बंगल्यावर कशी गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवरा तापाने गेला, मागोमाग तान्हं बाळ गेलं. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी आणून सोडलं. छाती दुधाने ठणकत होती आणि पाजायला कोणी नव्हतं. धरणावरच्या इंजिनेर साहेबाची मडम त्याच दिवसांत बाळंतीण होऊन अंथरुणाला खिळली होती. तिची पोर बाटलीचं दूध ओकून टाकायची. तिकडून बोलावणं आलं तेव्हा घरात रण माजलं. धरणात गाव बुडणार म्हणून आबा त्या वेळी गावकऱ्यांबरोबर धरणाच्या कामावर जाऊन बसत होते, खडीच्या गाड्यांपुढे आडवे होत होते. ज्या साहेबाच्या गाड्या बाप अडवतो, त्याच्या पोरीला लेक पाजते, हे कुणाला रुचणार? पण आबांनी मला अडवलं नाही. "पोरीनं काय केलंया? ती काय धरान बांधतिया?" इतकंच ते म्हणाले.

पोरीचं नाव रोझ. पहिल्या दिवशी तिने तोंड लावलं तेव्हा मी रडले, सुटल्यासारखं वाटलं मला. मडम खाटेवरून बघत होती. तिने बंगल्यावरच्या कामवाल्या बाईला सांगून औषधाच्या पाण्यात बुडवलेला कापूस आणवला. दर वेळी पाजायच्या आधी मला त्याने अंग पुसायला लावायची, आणि पाजून झालं की पोरीचं तोंड पुसायची. माझं दूध पोटात गेलेलं चालायचं, ओठांना लागलेलं चालत नव्हतं.

साहेबाला अमेरिकेत काम मिळालं. पोर मला सोडेना, म्हणून मलाही नेलं. दोघं मूळचे विलायतेचे. अमेरिकाही त्यांना परकाच देश. पण ते तिथे राहायला गेल्यासारखे वाटायचेच नाहीत, जत्रेला गेल्यासारखे राहायचे. डोंगराळ भागातलं एक गाव, लाकडी बंगला, पुढे हिरवळ. आठवडाभर साहेब कामावर, आणि शनिवार उजाडला की मोटार बाहेर. त्याला ते पिकनिक म्हणायचे. वेताची मोठी टोपली, तिच्यात बश्या, काटे, चमचे, डुकराच्या मांसाचे गार काप, वास मारणारं चीज, केक. हे सगळं मी भरायचं, मी उचलायचं, मी मांडायचं.

सुरुवातीला मलाही नवल वाटलं, खोटं कशाला बोलू? दूधसागरासारखे दहा एकत्र करावेत असा एक धबधबा पाहिला. समुद्र पाहिला, बर्फ पाहिलं. पण हे दोघं काही पाहतच नसत. मोटार थांबली की मडम म्हणायची, "लव्हली!" साहेब फोटो काढायचा. मग खाणं. अर्धं खायचं, अर्धं गवतात फेकायचं. चांगला लोणी लावलेला पाव, एक घास तोडलेला, मुंग्यांना. मी पहिल्यांदा ते गोळा करून टोपलीत घातलं तर मडम अंगावर आली, "टाकू! छी छी! गंदा!" ठकू त्यांच्या जिभेवर टाकूच व्हायचं. अन्न फेकणारी ती, आणि गंदी मी. धबधब्याच्या काठावर त्यांच्यासारख्यांनी टाकलेली हाडं, बाटल्या, कागद यांचा खच पडला होता आणि त्याला घाण यायची. त्या घाणीकडे पाठ करून सगळे पाण्याचे फोटो काढत होते.

एकदा त्यांनी तिथल्या मूळच्या लोकांची वस्ती पाहायला नेलं. साहेब हसत मला म्हणाला, "देखो टाकू, ये भी इंडियन!" तो विनोद त्याने दिवसभर ज्याला त्याला सांगितला. कुंपणाच्या आत पाचसहा माणसं पिसं लावून नाचत होती. ढोल वाजत होता आणि नाचणारे लोकांच्या डोक्यांवरून लांब कुठेतरी बघत होते. एक म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती. मडमेने रोझला तिच्या मांडीवर ठेवलं आणि साहेबाने फोटो काढला. म्हातारीने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्याकडच्या कुठल्याही आजीने फिरवावा तसा. फोटो झाला. मडमेने पोर उचलली, थैलीतून औषधाची बाटली काढली आणि तिथेच, म्हातारीच्या समोर, पोरीचे हात, मान, पाठ पुसून काढली. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मान खाली घातली. त्या दिवसापासून मडमेच्या हातचा पेलासुद्धा मला नकोसा झाला.

एव्हाना रोझ बोलायला लागली होती. बोलायची ते मराठी. "ठकू, पानी." "ठकू, हितं ये." मडमेला ते ऐकवत नसे. पाहुण्यांसमोर पोर "भूक लागली" म्हणाली की तिचं तोंड कडू व्हायचं. मला ताकीद मिळाली, पोरीशी बोलायचं नाही. दिवसभर पोर सांभाळायची आणि मुक्याने! मी त्यांच्या पाठीमागे बोलतच राहिले. पोरही शहाणी, आई आली की गप्प बसायची.

मग तो तलाव आला. उन्हाळ्याचा शेवट होता. साहेबाने आदल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं की उद्या टाकूला खास गंमत दाखवायची आहे. डोंगरांच्या मधे मोठं पाणी होतं, एका बाजूला सिमेंटची भिंत. भिंत बघितल्याबरोबर मी ओळखलं, हे धरण आहे. त्या साली पाऊस कमी झालेला, म्हणून पाणी खाली गेलं होतं आणि कडेच्या चिखलातून एक गाव वर आलं होतं. घरांची जोती, विहिरीचं तोंड, कापलेल्या झाडांचे बुंधे. रस्तासुद्धा तसाच, सरळ पाण्यात उतरलेला.

आणि त्या गावात जत्रा भरली होती. मोटारींची रांग. बायका बूट हातात घेऊन चिखलातून हिंडत होत्या, आणि जो तो काहीतरी उचलत होता, कुणी बशीचा तुकडा, कुणी खिळा. एका जोत्यावर, जिथे कुणाची तरी चूल असेल तिथे, चादर पसरून लोक कोंबडी खात होते. आमच्या मडमेला दाराची लोखंडी कडी सापडली. ती नाचतच आली. टेबलावर कागदांवर ठेवायला छान, म्हणाली.

एक म्हातारा होडीतून लोकांना फिरवत होता. आम्ही बसलो. मधे गेल्यावर त्याने वल्हं थांबवलं, खाली बोट दाखवलं आणि काहीतरी सांगितलं. सगळे हसले. मला तोवर इंग्रजी बरंच कळत होतं, तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी त्याला विचारलं, "तुझं घर?"

"माझंच," तो म्हणाला. "आत्ता आपण माझ्या स्वयंपाकघरावर आहोत. लोकांना हे सांगितलं की फार आवडतं."

त्याला रडू येत नव्हतं. तो हसत होता, आणि ते हसणं मी आजपर्यंत विसरले नाही. साहेबाने माझ्या खांद्यावर थोपटलं. धरणावर मुकादमांशी बोलायचा त्या हिंदीत म्हणाला, "मुळशी में इससे भी अच्छा होगा, टाकू. बोट होगा, क्लब होगा. तुम्हारा आदमी लोग बोट चलाएगा, खुश रहेगा."

माझ्या डोळ्यांपुढे आबा आले, वल्हं हातात घेतलेले. आमच्या ओसरीवर होडी थांबवून पुण्याच्या साहेबांना बोट दाखवणारे. मी होडीच्या कडेवरून ओकले. मडम ओरडली, तिच्या झग्यावर शिंतोडे उडाले होते. तिच्या मांडीवर ती कडी होती. मी ती उचलली आणि पाण्यात टाकली.

"यह क्या किया?" साहेब.

"ज्याची त्याला दिली," मी म्हटलं, मराठीतच. म्हाताऱ्याचं हसणं थांबलं होतं. तो वल्हवत काठाला आला.

घरी आल्यावर मी सांगितलं, मला माझ्या मुलखात पाठवा. साहेब आधी हसला, मग रागावला. मी स्वयंपाकघराच्या दारात बसले. काम नाही, खाणं नाही, फक्त पोरीला जेवण भरवायला उठायची. साहेब येता-जाता बघायचा. त्याने असं बसणं आधी पाहिलं होतं, मुळशीच्या रस्त्यावर. एका सकाळी तो माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाप का माफिक." त्याला ती शिवी वाटली असेल. मुंबईला जाणाऱ्या एका मिशनरी बाईबरोबर मला धाडायचं ठरलं.

मी जायच्या दिवशी त्यांनी काय केलं सांगू? पोरीने रडू नये म्हणून ते सहलीला गेले. टोपली मीच भरली. रोझ मोटारीत बसली, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाली, "ठकू, बस." मी दारातच उभी. "ठकू बसली न्हाई," ती आईला सांगत होती, मराठीत, आणि आईला ते कळत नव्हतं. मोटार वळली. एवढ्या सगळ्या किळसेत ही एक पोर होती, आणि तिच्यासाठी माझी छाती पुन्हा ठणकली, दूध कधीच आटलेलं असून.

परत आले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. आमचं गाव रिकामं होतं. माझा दादा, वहिनी आणि आबा पौडजवळच्या कासार आंबोली गावात, दुसऱ्याच्या शेतात खोपट घालून राहत होते. आबा बसलेले, मी समोर गाठोडं ठेवलं. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थुंकतील.

"ती पोरगी," त्यांनी विचारलं, "जेवती का नीट?"

मी हो म्हटलं आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. दादा म्हणाला, "आबा, तुमी बी लई भारी. घर गेलं, जमीन गेली, आन साहेबाच्या पोरीचं इचारताय व्हय?" आबा म्हणाले, "तिनं काय केलंया?"

पुढे मी पुण्याला बायकांच्या शाळेत शिकले आणि आंबोलीतच मुलींना शिकवायला लागले. धरण भरलं. आणि मग मोटारी यायला लागल्या. आधी साहेबांच्या, मग आपल्याच माणसांच्या. धोतर, कोट, टोपी, नऊवारी, डब्यात पुऱ्या आणि श्रीखंड. एकदा अशीच एक मोटार शाळेपाशी थांबली. आतल्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "अहो बाई, धरणाची मजा बघायला कुठून जायचं हो?"

साहेबाचा राग येऊन येऊन थकलेल्या मला या गोड आवाजाचा जास्त आला. मी म्हटलं, "तितं मजा न्हाई. तितं गाव हाय." त्या बाईंना वाटलं मी वाट चुकवते आहे. त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं. जाताना केळीची सालं शाळेच्या अंगणात टाकून गेल्या.

आबा गेले ते वैशाखात. जायच्या आधी दादाला म्हणाले होते, "मला त्या पान्यात टाकू नगा. आपली नदी न्हाई ती. तळं हाय त्यांचं." म्हणून आम्ही राख आंबोलीच्या ओढ्यात सोडली. ओढ्याला पाणी ते किती, घोटाभर. राख वाहीना. दगडांना चिकटून राहिली. दादा वाकून ओंजळीने पाणी ढकलत होता, मी ढकलत होते, वहिनी पदर खोचून उतरली. आंबोलीच्या दोनतीन बाया धुणं धूत होत्या. त्यांनी काही न विचारता वरच्या डबक्याचा बांध फोडला. पाण्याचा लोट आला आणि आबा गेले, खालच्या भाताच्या खाचरांकडे.

तोपर्यंत कुणी विचारलं, तुम्ही कुठले, की आम्ही बुडालेल्या गावाचं नाव सांगायचो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पौडच्या बाजारात कुणीतरी वहिनीला विचारलं आणि ती सहज म्हणून गेली, "आमी आंबोलीचं." म्हणाली आणि चपापून माझ्याकडे बघायला लागली, काही अपराध झाल्यासारखी. माझ्याही मनात कळ आली. पण मी भाजीची पिशवी उचलली आणि तिला म्हटलं, "चल, घरी जाऊ."