दाजींची शर्यत आणि अधिकाचे धोंडे

आमचे दाजी (म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान) हैदराबादच्या शर्यतीला जाऊ शकले नाहीत, त्याला कारण मी आहे. ही गोष्ट मी तीस वर्षे घरात कुणालाही कळू दिली नाही.

दाजी धावडा गावचे. बाजारालाही धावतच जात, वाटेतली माणसे हळहळून विचारीत, "कोण गेलं, पाव्हणं?" निजामाचे राज्य जाऊन चार-पाच वर्षे झाली होती. भोकरदन ते जालना अशी शर्यत ठरली. पहिला येईल तो हैदराबादला धावणार होता, आणि दाजींच्या तोडीचा गडी तालुक्यात नव्हता. रस्ता आमच्या वेशीवरून जात होता. महिना अधिकाचा, म्हणजे जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालण्याचा. मी तेव्हा बावीस वर्षांचा, म्हणजे अजाण म्हणावे असाही नव्हतो. मी वडिलांना, आबांना, गंभीरपणे सांगितले, "दाजींचा निरोप हाय. जाता जाता धोंडे खाऊन जातो म्हणले."

शर्यतीच्या दिवशी दाजी सर्वांच्या पुढे होते. वेशीत, भर रस्त्यात, आबा पाट मांडून उभे.

"या जावईबापू. निरोप बराबर पोचला तुमचा."

"कसला निरोप? आबा, मी शर्यतीत पळून राह्यलो," दाजी जागच्या जागी पळत म्हणाले.

"पळा की. आमी कुठं न्हाई म्हणलं? आधी जेवा, मंग पळा."

सासऱ्याचा शब्द मोडणारा जावई त्या काळी जन्मला नव्हता. दाजी चड्डीवरच पाटावर बसले. आईने तुपाची धार धरली, इतक्यात दुसरा धावपटू आला.

"बाबा, तू बी बस," आई म्हणाली.

"मावशी, मी तुमचा जावई न्हाई," असे म्हणून तो भाग्यवान पुढे निघून गेला.

मग आहेर झाला. धोतर आणि फेटा! तो अंगावर घालूनच उठायचे, अशी आमची रीत. जालनेकरांना त्या दिवशी सातव्या क्रमांकावर एक नवरदेव धोतराचा सोगा हातात धरून, ढेकर देत येताना दिसला.

निरोप अक्कानेच धाडला असणार, असे दाजींनी ठरवले आणि महिनाभर तिच्याशी अबोला धरला. ती रडली. मी तोंड उघडले नाही.

परवा त्यांच्या नातवाच्या बारशाला दोघे शेजारी बसलेली दिसली आणि मला राहवेना. मी हात जोडले.

"दाजी, अक्का, तो निरोप माझा होता. जावई पाटावर बसल्याबिगर आई धोंडे करत न्हाई, अन् मला तर खायचे होते. चुकलो, माफ करा. दाजी, तुमी पळत गेल्यावर मी अकरा खाल्ले."