भाऊ जरा लवकर पोचायचे

पीएच्या डायरीत साहेबांच्या भेटी लिहिलेल्या असतात. भेट झाली की पान उलटायचं, विषय संपला. किस्से मात्र लिहावे लागत नाहीत, माळ्यावर सामान साचतं तसे ते आपोआप साचतात. बावीस वर्षं मी भाऊंचा पीए होतो. भाऊ म्हणजे आधी आमदार, मग राज्यात मंत्री आणि शेवटी चक्क परदेशात राजदूत! त्यांच्या भाषणांचे किस्से बाकीचे सांगतात. माझ्याकडं आहेत ते सगळे एकाच गोष्टीचे, भाऊंच्या दुखवट्याला जाण्याचे. बसलोच आहोत तर आज सांगून टाकतो.

आपल्याकडं पुढारी लग्नाला आला नाही तर लोक समजून घेतात. मयताच्या घरी आला नाही तर सात पिढ्या लक्षात ठेवतात! भाऊंनी हे तरुणपणीच ओळखलं होतं. मतदारसंघात कुणी गेलं की भाऊ तिथं सगळ्यांत आधी हजर. अडचण एवढीच होती, की ते कधीकधी फारच आधी हजर व्हायचे.

*

मी तेव्हा नवीन होतो. सकाळी छावणीतल्या बंगल्यावर पोचलो तर भाऊ पांढऱ्या कपड्यांत तयार.

"जोशी, चला. गंगापूरचे आण्णा गेले."

आण्णा म्हणजे भाऊंचे जुने कार्यकर्ते. फोन सगळे माझ्याकडं असायचे आणि असा काही फोन मला आला नव्हता. पण पहिल्याच महिन्यात साहेबांना उलट कोण विचारणार? मी गपचूप सलीम ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो.

आण्णांच्या दारात गाडी थांबली. दार आण्णांनीच उघडलं!

"भाऊ! आज इकडं कसं काय?"

भाऊंनी आण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हा नवा पीए. डायरीत कायबी लिहितो."

आण्णा पोट धरून हसले. आग्रह करून पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि गाडीपर्यंत पोचवायला आले.

वाळूजच्या अलीकडं माझा फोन वाजला. आण्णांचा मुलगा रडत होता. मी फोन ठेवला.

सलीमनं आरशातून भाऊंकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "साब, गाडी पलटाऊं क्या?"

*

असं तीन-चारदा झालं आणि गावभर बभ्रा झाला.

एकदा भर बाजाराच्या वेळी शहागंजमध्ये गाडी बंद पडली, ती नेमकी एका कापडवाल्याच्या दुकानासमोर. शेटजी अनवाणी धावत बाहेर आले आणि त्यांनी काचेतून हात जोडले. "साब, हमारे यहाँ सब खैरियत है! अब्बा अभी खाना खाए!"

असं म्हणून त्यांनी आणि चार नोकरांनी गाडीला धक्का मारला. गाडी शेजारच्या दुकानासमोर जाऊन थांबली. तिथून शेजारचे बाहेर आले आणि त्यांनी पुढं ढकलली. मग त्याच्या पुढचे. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही.

सलीम म्हणाला, "साब, चाबी लगाए बगैर चौक आ गया!"

मी हसलो. भाऊ मात्र खिडकीतून त्या बंद होणाऱ्या दारांकडं बघत होते.

*

त्यानंतरची निवडणूक भाऊ हरले. घरोघरी प्रचाराला जावं तर लोक आतून कडी लावायचे, मग मतं कोण देणार?

त्याच सुमारास पक्षाचे ज्येष्ठ नेते दिल्लीत हॉस्पिटलमध्ये होते. भाऊ म्हणाले, "जोशी, तिकीट काढा. तब्येतीची विचारपूस करून येतो."

आम्ही येतोय असं मी रीतसर कळवलं. अर्ध्या तासात दिल्लीहून उलटा फोन आला. "भाऊंना तिथंच थांबवा! साहेबांनी त्यांना राजदूत करायचं ठरवलंय."

*

देशाचं नाव सांगत नाही. थंड होता एवढंच सांगतो. घडी बसवून द्यायला मीही तीन महिने गेलो होतो.

तिकडं एक रीत आहे. एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष वारला, की त्याच्या वकिलातीत टेबलावर शोकपुस्तिका ठेवतात आणि बाकीचे राजदूत जाऊन तिच्यात दोन ओळी लिहितात. भाऊंना ही रीत फार आवडली. "जोशी, हे तर आपलंच काम!"

एका सकाळी भाऊ काळा सूट घालून एका वकिलातीत गेले. तिथं शोकपुस्तिका नव्हती, नेहमीची पाहुण्यांची वही होती. भाऊंनी तिच्यातच राष्ट्राध्यक्षांना श्रद्धांजली लिहिली आणि खाली सही ठोकली. राष्ट्राध्यक्ष तेव्हा हयात होते!

दिवसभर आमचे अधिकारी माफी मागत फिरत होते. भाषेचा घोळ झाला, साहेब नवीन आहेत, पदर पसरायचा तेवढा पसरला.

दुसऱ्या दिवशी त्याच वकिलातीतून एक माणूस आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "पुस्तिका आज उघडली आहे. महामहिमांनी पुन्हा येण्याची गरज नाही. त्यांचं पान आम्ही पहिलं लावलंय."

*

मी परत निघालो तेव्हा धीर करून विचारलं, "भाऊ, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"मला कुठं काय कळतं? सकाळी उठल्यावर एखाद्या घरी जावंसं वाटतं. नाही गेलो तर घास उतरत नाही." मग म्हणाले, "लोकांला वाटतं मी मरण घेऊन जातो. जोशी, मी तर सांत्वनाला जातो रे. बावीस वर्षांत तूसुद्धा मला घरी बोलावलं नाहीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच होतं ते. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, घरात मी आणि ऐंशी पार केलेली आई, तीही हृदयाची पेशंट. ती नेहमी म्हणायची, "तुझ्या साहेबाला एकदा आण की रे घरी." मी आज-उद्या करत टाळत आलो. जगात मला दुसरं आहे कोण?

*

ही आजचीच गोष्ट. भाऊ मुदत संपवून परत आलेत. दुपारी चारला गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात भाऊ, अंगावर पांढरे कपडे. मागं जिन्यात सलीम उभा होता, पण माझ्याकडं बघत नव्हता.

मी दार अर्धं लोटून धरलं, खोटं कशाला सांगू? म्हणालो, "भाऊ, आई झोपलीय. नंतर कधीतरी..."

आतून आवाज आला, "कोणंय रे? भाऊ आलेत का? येऊ दे की आत!"

आता काय करणार? बाजूला झालो. आई उठून बसली, पदर सावरला. "लई वाट बघाय लावली हो भाऊ! ह्यो तुमाला आणीतच नव्हता."

दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो, पण कान बाहेर होते. आई तिकडच्या थंडीचं विचारत होती, जेवायला काय मिळायचं ते विचारत होती, खळखळून हसत होती. कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. हळूहळू माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, या खेपेला भाऊ चुकले! आई ठणठणीत आहे!

चहा गाळला, कप ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर आलो.

भाऊ खुर्ची सोडून आईच्या पलंगाशी खाली बसले होते. तिचे दोन्ही हात हातात घेऊन हलक्या आवाजात सांगत होते, "आई, धीर धरायचा. आता मलाच तुमचा मुलगा समजा."